गप्प बसायचा करार

आधी एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की दंड बसायचा, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आजीशी बोलण्यापुरतं. मासिकाच्या मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने ऱ्हस्व-दीर्घ बघून द्यायचं कबूल केलंय म्हणून ही हिंमत! चूकभूल द्यावी घ्यावी.

मागच्या वर्षी आम्ही मुली व्हॉलीबॉलची एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळायला बाहेरगावी गेलो होतो. मुलांची फायनल संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. आमची दुपारी एक वाजता, खडी वर आलेल्या मैदानावर. दोघींचे गुडघे फुटले. बक्षिसाची रक्कम मुलांच्या निम्मी. आमच्या कॅप्टनने ठरवलं की बक्षीस घ्यायला जाताना सगळ्यांनी दंडावर काळी फीत बांधायची. घोषणा नाही, भांडण नाही, नुसती फीत. ही गोष्ट संयोजकांच्या कानावर गेली. त्यांचं म्हणणं असं, की कार्यक्रम राष्ट्रगीताने संपणार आहे, तिथे असले प्रकार म्हणजे देशाचा अपमान. आणि कॉलेजची जर्सी अंगात आहे तोवर कॉलेजचं नाव सांभाळायचं, आपली मतं घरी ठेवायची.

समोर विद्यापीठाच्या टीमचे निवडकर्ते बसले होते. मी फीत खिशात टाकली. बाकीच्याही सगळ्यांनी टाकली. कॅप्टनने एकटीने बांधली. राष्ट्रगीताला ती आमच्या सगळ्यांपेक्षा ताठ उभी होती, हे मी शेजारून पाहिलं. महिन्याभराने विद्यापीठाची यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं, तिचं नव्हतं.

त्यानंतर होस्टेलवर एका रात्री कुणीतरी लॅपटॉपवर ‘४२’ नावाचा सिनेमा लावला. २०१३ सालचा. जॅकी रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन बेसबॉल खेळाडूची गोष्ट. सिनेमा १९४७ साली संपतो, सगळं छान होतं, टाळ्या! मला पुढचं काय ते जाणून घ्यायचं होतं म्हणून मी वाचत गेले आणि लक्षात आलं की खरी गोष्ट सिनेमा संपतो तिथून सुरू होते. तीच तुम्हाला सांगायची आहे.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातल्या केरो या छोट्या गावात झाला. पाच भावंडांत शेंडेफळ. तो तान्हा असतानाच वडील घर सोडून गेले. त्याची आई मॅली १९२० मध्ये पाचही पोरांना घेऊन पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात आली आणि लोकांच्या घरची कामं करून तिने मुलं वाढवली. तिथल्या पोहण्याच्या तलावावर काळ्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. हे वाचून नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याच पुण्यात बाळू पालवणकरांसारखा गोलंदाज हिंदूंच्या टीमला सामने जिंकून द्यायचा आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. मैदानावर चालतो, पंगतीला चालत नाही. ही तऱ्हा दोन्हीकडे सारखीच.

जॅकीचा मोठा भाऊ मॅक जबरदस्त धावपटू होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरला त्याला रौप्यपदक मिळालं. पुढे होता तो जेसी ओवेन्स, फक्त ०.४ सेकंदाने. हिटलरच्या समोर देशासाठी पदक जिंकून मॅक गावी परतला आणि गावाने त्याला काम दिलं रस्ते झाडायचं. तो ऑलिंपिकचं जॅकेट घालून झाडायचा. जॅकी तेव्हा १७ वर्षांचा होता. देशासाठी खेळणं आणि देशाने आपलं मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला घरातच कळलं असणार.

जॅकी पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएला गेला. बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि अॅथलेटिक्स अशा चारही खेळांत विद्यापीठाचा मान मिळवणारा तो तिथला पहिला विद्यार्थी. पण पैशांची ओढाताण होती, म्हणून १९४१ मध्ये डिग्री न घेताच त्याने कॉलेज सोडलं. १९४२ मध्ये सैन्यात भरती झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला.

आता १९४४ चा जुलै. टेक्सासमधला कॅम्प हूड. लेफ्टनंट रॉबिन्सन बसमध्ये चढला आणि मधल्या सीटवर बसला. ड्रायव्हरने त्याला मागे जायला सांगितलं, कारण दक्षिणेत काळ्यांनी मागे बसायची रीत होती. जॅकी उठला नाही. सैन्याच्या बसमध्ये असा भेदभाव करायचा नाही असा हुकूम निघाला होता आणि तो त्याला माहीत होता. प्रकरण लष्करी पोलिसांपर्यंत गेलं, शब्दाला शब्द वाढला आणि त्याच्यावरच कोर्टमार्शल! आरोप बसचा नव्हता, वरिष्ठांचा अनादर आणि हुकूम मोडल्याचा होता. त्याच्या बटालियनच्या प्रमुखांनी आरोपपत्रावर सही करायला नकार दिला, तर त्याची दुसऱ्या बटालियनमध्ये बदली करून तिथल्या प्रमुखाची सही घेतली. २ ऑगस्टला खटला चालला आणि नऊ अधिकाऱ्यांनी त्याला निर्दोष सोडलं. पण तोवर त्याची मूळ बटालियन, म्हणजे ७६१ वी टँक बटालियन, युरोपच्या लढाईकडे निघून गेली. वर्दी अंगात होती, आणि पहिली लढाई त्याला आपल्याच छावणीत लढावी लागली. रोझा पार्क्सची बसची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती १९५५ ची, याच्या ११ वर्षांनंतरची.

सैन्यातून सुटल्यावर १९४५ मध्ये तो कॅन्सस सिटी मोनार्क्स या टीममधून खेळू लागला. तेव्हा काळ्या खेळाडूंची लीग वेगळी होती. १८८० च्या दशकानंतर मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू घेतला गेला नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता, मालकांनी आपसात पाळलेला रिवाज होता. (लेखी नसलेले नियम मोडणं जास्त अवघड असतं, हे आपल्या कॉलेजात तीन वर्षं काढलेल्यांना सांगायला नको!)

हा रिवाज मोडायचं ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ठरवलं. त्यात तत्त्व होतं आणि धंदाही होता. चांगले खेळाडू मिळणार होते आणि स्टेडियमला नवा प्रेक्षक मिळणार होता. २८ ऑगस्ट १९४५ ला त्यांनी जॅकीला ऑफिसात बोलावलं. ही भेट म्हणजे जगातला सर्वांत विचित्र इंटरव्ह्यू असेल. तीन तास रिकी स्वतः नाटक करत होते. कधी जागा नाकारणारा हॉटेलवाला, कधी शिव्या देणारा प्रेक्षक, कधी अंगावर येणारा प्रतिस्पर्धी. या सगळ्याला जॅकीने उत्तर द्यायचं नाही, हात उचलायचा नाही, ही अट. तीन वर्षांसाठी. कोर्टमार्शलला न घाबरलेल्या माणसाकडून हे वचन! जॅकीने ते दिलं. त्याचं उत्तर ऐकायला देश बसलेलाच होता. एक ठोसा मारला असता तरी काळ्यांना घेतलं की असंच होतं असं म्हणत पुढची २० वर्षं दार बंद झालं असतं.

१९४६ चं वर्ष तो कॅनडात, मॉन्ट्रियलच्या टीममधून खेळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत रेचलशी त्याचं लग्न झालं. मग १५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनचं एबट्स फील्ड, पाठीवर ४२ नंबर. पगार वर्षाला ५,००० डॉलर. आपल्याच टीममधल्या काही जणांनी त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला होता, तो मॅनेजरने हाणून पाडला. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या टीमचा मॅनेजर बेन चॅपमन याने सामना चालू असताना त्याला इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की वर्तमानपत्रांतून ओरड झाली. मग चॅपमनची नोकरी वाचावी म्हणून मे महिन्यात दोघांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. शिव्या देणाऱ्याची इज्जत वाचवायला शिव्या खाणाऱ्याने हसून उभं राहायचं! जॅकी उभा राहिला. दोघांनी मिळून एक बॅट धरली आहे असा तो फोटो आहे. तो मी बराच वेळ बघत बसले होते. नोकरीत तोंड बंद ठेवणं म्हणजे काय, ते त्या एका फोटोत दिसतं.

आणि खेळ? बेसबॉलमध्ये धावणारा खेळाडू बॉलरचं लक्ष चुकवून पुढचा बेस ‘चोरतो’. जॅकीने त्या वर्षी २९ बेस चोरले आणि लीगमधला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. हा पुरस्कार तेव्हा पहिल्यांदाच दिला गेला. १९४९ मध्ये करार संपला आणि तोंड उघडायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी .३४२ ची सरासरी, ३७ चोरलेले बेस आणि लीगमधल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान! पण आता तो पंचांशी वाद घालू लागला, हॉटेलांतल्या भेदभावावर बोलू लागला. कालपर्यंत ज्या वर्तमानपत्रांना तो गुणी वाटत होता त्यांतल्या कित्येकांना तो अचानक उद्धट वाटू लागला. माणूस तोच होता. फक्त मुदत संपली होती.

आता या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग. १९४९ चाच जुलै महिना. पॉल रोबसन हे त्या वेळचे मोठे गायक आणि नट, तेही काळे, तरुणपणी स्वतः नामांकित फुटबॉल खेळाडू. एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका परिषदेत ते बोलले आणि अमेरिकेत बातमी अशी छापून आली की रशियाशी युद्ध झालं तर काळे लोक अमेरिकेसाठी लढणार नाहीत असं त्यांनी म्हटलं. देशात कम्युनिस्टांची भीती भरलेली. ‘अमेरिकाविरोधी’ कारवाया शोधणाऱ्या संसदेच्या समितीने जॅकीला साक्षीला बोलावलं. देशभक्त काळा माणूस म्हणून त्याने रोबसनविरुद्ध बोलावं ही अपेक्षा. रिकींचाही आग्रह होता.

१८ जुलैला जॅकी गेला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोबसन खरंच तसं म्हणाले असतील तर ते बोलणं वेडगळपणाचं आहे. दोन, काळ्यांचा राग कम्युनिस्टांनी पेटवलेला नाही. कम्युनिस्ट पक्ष नव्हता तेव्हाही तो राग होता आणि भेदभाव संपेपर्यंत राहील. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मुख्यतः पहिली गोष्ट उचलली, दुसरी कुठल्या कुठे गेली! रोबसन यांचे कार्यक्रम रद्द होत गेले, १९५० मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्टही काढून घेतला आणि तो १९५८ पर्यंत परत मिळाला नाही. आणि यातला काटा असा, की बेसबॉलची दारं काळ्यांना उघडा म्हणून १९४३ मध्ये क्लबमालकांसमोर जाऊन बोललेल्यांत हेच रोबसन होते.

जॅकीचं काय चुकलं? तो खोटं बोलला नाही. पण एकाचं तोंड बंद करायला आपलं तोंड वापरलं जातंय, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही. पुढे आत्मचरित्रात त्याने हे लपवलं नाही. आता बोलावणं आलं तर आपण नाकारू, आणि रोबसनबद्दलचा आपला आदर वाढला आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं.

१९५५ मध्ये डॉजर्स जगज्जेते झाले. १९५६ चा मोसम संपल्यावर जॅकीने खेळ सोडला आणि चॉक फुल ओ नट्स या कॉफी आणि खाण्याच्या दुकानांच्या कंपनीत तो उपाध्यक्ष झाला. कंपनीतले बरेच कामगार काळे होते आणि कामगारांचं खातंच त्याच्याकडे होतं. मालक विल्यम ब्लॅक यांनी त्याला नागरी हक्कांच्या कामासाठी वेळ मोकळा दिला. म्हणजे पगार देऊनही माणसाचं तोंड विकत न घेणारा मालक असू शकतो! दुसरीकडे न्यूयॉर्क पोस्टमध्ये तो सदर लिहायचा. १९६० च्या निवडणुकीत त्याने निक्सनचा प्रचार केला आणि ते सदर गेलं. १९६८ मध्ये त्याच निक्सनला त्याने विरोध केला. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला तो बायकामुलांना घेऊन गेला. पण १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले तेव्हा त्याने त्यांनाही जाहीरपणे विरोध केला. त्याचा थोरला मुलगा त्या युद्धात जखमी झाला होता. तो मुलगा परत आला तो व्यसन घेऊन, त्यातून सावरला आणि १९७१ मध्ये कार अपघातात गेला. जॅकीची सगळीच मतं मला पटत नाहीत. पण कुठलंही मत त्याने उसनं घेतलेलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर १९७२. त्याच्या पहिल्या सामन्याला २५ वर्षं झाली म्हणून सिनसिनाटीच्या स्टेडियमवर सत्कार होता. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली होती, केस पांढरे झाले होते, वय फक्त ५३. आभार मानून गप्प बसायचं ना! पण तिथेही त्याने सांगितलं, की एखाद्या टीमचा मॅनेजर काळा माणूस झालेला बघायला आपल्याला आवडेल. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. पहिला काळा मॅनेजर १९७५ मध्ये झाला. त्याचं आत्मचरित्र त्याच वर्षी, १९७२ मध्ये, प्रसिद्ध झालं. त्यात १९४७ च्या अंतिम मालिकेत राष्ट्रगीत वाजत होतं त्या क्षणाची आठवण आहे आणि पुढे कबुली आहे, की आता लिहिताना आपण उभं राहून ते गाऊ शकत नाही, झेंड्याला सलामही करू शकत नाही. २०१६ मध्ये कॉलिन केपर्निक हा फुटबॉल खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि देशभर गदारोळ झाला, तेव्हा अनेकांना हा उतारा आठवला. गंमत बघा, त्याच अमेरिकेत १९९७ मध्ये ४२ हा नंबर सगळ्या टीम्सनी कायमचा बंद केला आणि आता दर १५ एप्रिलला सगळे खेळाडू तोच नंबर घालून खेळतात. ४२ नंबर सगळ्यांना हवा आहे, त्या नंबरवाल्याने काय लिहिलं ते मात्र थोड्यांनाच हवं आहे.

दुसऱ्या वर्षाला आपल्याला भारतीय संविधान हा विषय असतो. पासिंगपुरता वाचून विसरायचा! पण त्यात मला एक खटला भेटला. केरळमधली तीन मुलं धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदराने उभी राहायची. शाळेने काढलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. अर्थात कायदा मुख्यतः सरकारला आवर घालतो. खाजगी मालक, क्लब, कंपनी यांच्यापुढे माणूस बराचसा एकटाच असतो, अमेरिकेतही आणि इथेही.

म्हणून मला जॅकीच्या त्या करारात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्याची मुदत. तो तीन वर्षं गप्प बसला ते कशासाठी, हे त्याला माहीत होतं आणि ते कधी संपणार तेही माहीत होतं. त्याच्या गप्प बसण्याने दुसऱ्यांसाठी दार उघडलं. माझ्या गप्प बसण्याने उघडलं ते फक्त माझ्यासाठी. आणि मुदत तर मी ठरवलीच नव्हती. इथे मला लाज वाटते, ती छापून यावी असंच मला वाटतं.

आता पुढच्या वर्षी आपण सगळे प्लेसमेंटला बसणार. हातात ऑफर लेटर पडलं की पगाराचा आकडा बघून सही! पण त्या पानांमध्ये आपण काय बोलायचं नाही हेही लिहिलेलं असू शकतं, आणि जे लिहिलेलं नसतं तेही असतंच. नोकरी करू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू? घरचं कर्ज मलाही फेडायचंय. एवढंच म्हणते, की सही करण्याआधी वाचा. गप्प बसायचं ठरलंच तर कशासाठी आणि कुठवर, ते स्वतःला तरी सांगून ठेवा.

कॅप्टन आणि मी अजून एकत्र प्रॅक्टिस करतो. तिने मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलेलं नाही. ती फीत माझ्या किटबॅगच्या आतल्या कप्प्यात आहे. या वर्षीची स्पर्धा जानेवारीत आहे, आणि वेळापत्रक आलंय. मुलींची फायनल दुपारी एक वाजता.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी